बटणांची बरणी

४ जानेवारी

टाचणीस,

या महिन्याच्या तीन स्ट्रिप सोबत पाठवते आहे. तीस गोळ्या, रोज एक, सकाळी आठला. गेल्या महिन्याच्या रिकाम्या स्ट्रिप अजून माझ्याकडे पोचलेल्या नाहीत. नियम तुला ठाऊक आहे, रिकामी आली की भरलेली निघते. या वेळी नियम मोडला, पुढच्या वेळी मोडणार नाही. एकतीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभी होते. निवृत्त झाले तरी दुकानातली पोरं मला विचारल्याशिवाय खोकल्याची बाटलीसुद्धा धड देत नाहीत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणूस डॉक्टरशी खोटं बोलतो, घरच्यांशी बोलतो, पण रिकामी स्ट्रिप खोटं बोलत नाही.

पोस्टातल्या बाईंनी काल विचारलं, दर महिन्याला हे पार्सल कुणाला? म्हटलं, भावजयीला. भावाला कधी काही पाठवत नाही वाटतं, म्हणाल्या. म्हटलं, भाऊ चार वर्षांपूर्वी गेला, आता त्याच्या वाटणीचं दटावणंही तिलाच जातं. बाईंनी तिकीट सरळ लावलं.

तुझं मागचं पत्र बघून आधी वाटलं, एखाद्या डॉक्टरने लिहिलंय. मी चिठ्ठ्या वाचण्यात मुरलेली म्हणून निभावलं. तुझं अक्षर असं नव्हतं. भाऊ तुझी पत्रं सगळ्यांना दाखवत फिरायचा, त्यातला मजकूर लपवून. काय झालंय?

फोन करू नकोस. माझ्या कानांनी कधीच राजीनामा दिलाय. लिहून कळव.

ताई

१५ जानेवारी

ताईंना,

रिकाम्या स्ट्रिप पाठवते आहे, नियमाप्रमाणे. मोजून घ्या, एकही गोळी चुकलेली नाही.

अक्षराचं म्हणाल तर हात चालत नाहीत. सकाळी उठते तेव्हा बोटं मिटलेली असतात आणि उघडायला तयार नसतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. अकराच्या सुमाराला थोडी सैल होतात. तोवर मी ड्रायक्लीनरच्या दुकानात खिडकीपाशी माझ्या टेबलाशी बसून काम करत असल्याचं सोंग करते. रफूचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याचेच धागे उपसायचे आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणायचे, भोक कुठे होतं ते कुणाला सापडू नये इतके. धागा केसाएवढा असतो. तो माझ्या बोटांना हल्ली कळतच नाही. पूर्वी एका दिवसात होणारं काम आता चार दिवस घेतं, आणि चौथ्या दिवशी उसवावं लागतं.

मालकांनी एक शाल परस्पर दुसऱ्या रफूवालीकडे पाठवली. मला सांगितलं नाही. शालवाल्या बाई माझ्याकडेच शाल मागायला आल्या तेव्हा कळलं. मला हल्ली पँटच्या चेन बदलायला देतात. चेन कुणीही बदलतं.

थंडीचं असेल का हे? की वयाचं? की गोळीचं? ती सुरू झाल्यापासूनच हे लागलंय, म्हणून विचारते. शिवाय अंगातून मधूनच वाफा निघतात, भर थंडीत मी खिडकी उघडते आणि मालक स्वेटर घालतात. ते जाऊ द्या. बोटांचं तेवढं सांगा. तुम्हाला माहीत असेल.

टाचणी

२७ जानेवारी

टाचणीस,

गोळीचंच आहे. पुष्कळ बायकांना होतं. सुरुवातीला जास्त वाटतं, मग सवय होते. सकाळी कोमट पाण्यात हात दहा मिनिटं बुडवून ठेव, मूठ उघड-मीट कर, जरा चालत जा. दुखलंच तर डॉक्टरांना विचारून साधी दुखण्याची गोळी घे.

पण एक गोष्ट पहिली आणि शेवटची सांगते. ही गोळी बंद करायची नाही. छातीतली गाठ काढली म्हणजे विषय संपला असं नसतं. ती पुन्हा उगवू नये म्हणून पाच वर्षं ही राखण आहे, आणि तुझे अजून चार महिनेही झाले नाहीत. मी काउंटरवर बायका पाहिल्या आहेत, बरं वाटतंय म्हणून सोडून देणाऱ्या. त्यातल्या काही परत आल्या, वेगळी चिठ्ठी घेऊन. त्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत.

भाऊ गेला. आता मला तू एकटीच आहेस. बोटं दुखली तरी चालतील, माणूस राहिलं पाहिजे. चेन बदल, बटणं लाव, काय वाटेल ते कर. या बाबतीत तक्रार ऐकायची माझी तयारी नाही.

फेब्रुवारीच्या स्ट्रिप सोबत आहेत.

ताई

२२ मार्च

ताईंना,

मध्यंतरी फक्त स्ट्रिपच पाठवल्या, चिठ्ठीसुद्धा टाकली नाही, त्याबद्दल रागावू नका. कामात होते. हो, कामात! अक्षरावरून ओळखलं असेलच.

फेब्रुवारीत एक न्यायाधीश कोट घेऊन आले. काळा, जुना, भारी लोकरीचा, आणि उजव्या बाहीवर सिगारेटचं भोक. मालक तो दुसरीकडे पाठवायला निघाले होते. मी म्हटलं, द्या इकडे. महिनाभराची मुदत मागून घेतली आणि शेवटचे तीन दिवस बसले. साहेब घ्यायला आले तेव्हा त्यांनी बाही उजेडात धरली, मग माझं भिंग मागितलं. पाच मिनिटं शोधलं. म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी लपवलेलं शोधून काढलं, हे काही सापडत नाही." मालकांनी त्या दिवशी चहा मागवला. चेन बदलायचं काम आता पुन्हा मशीनवाल्याकडे गेलंय.

तुमच्या कोमट पाण्याचा गुण म्हणायचा. काळजी करू नका. सगळं ठीक आहे.

टाचणी

२ एप्रिल

टाचणीस,

तुझं पत्र घेऊन मी थेट दुकानात गेले आणि पोरांना दाखवलं. जानेवारीचं आणि हे, शेजारी शेजारी ठेवून. म्हटलं, बघा, याला म्हणतात औषध अंगी लागणं. त्यांना काय कळणार, पण माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. मी असं सहसा लिहीत नाही, म्हणून लिहिते. त्या रात्री मी भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा नीट झोपले.

तुझ्या रिकाम्या स्ट्रिपही अगदी नीटनेटक्या येतात हल्ली. एकही दुमडलेली नाही. शिस्त लागली की असं दिसतं.

आणखी एक. दुकानात शाळेतल्या एक बाई येतात, तुझ्याच वयाच्या, तुझीच गोळी. परवा म्हणाल्या, फळ्यावर लिहिताना खडू हातातून सुटतो, मुलं हसतात, ही गोळी सोडून देते. त्यांना तुझी हकिकत सांगितली. म्हटलं, माझी भावजय रफू करते, केसाएवढा धागा, तिची बोटं दोन महिन्यांत ताळ्यावर आली. नुसती गोळी नेमाने आणि कोमट पाणी. बाईंनी स्ट्रिप घेतली आणि गेल्या. त्या विचारतायत, पाणी किती कोमट? हात सकाळी बुडवायचे की रात्रीही? पाण्यात मीठ घालतेस का? शाळेतल्या बाई आहेत, पूर्ण उत्तर लिहिलंस तरच मार्क मिळतील.

ताई

२४ एप्रिल

ताईंना,

पाण्यात मीठबीठ काही घालत नाही. खरं तर पाण्याने सगळ्यांना गुण येईलच असं नाही, प्रत्येकीचं शरीर वेगळं. त्या बाईंना एवढं नक्की सांगा. त्यांच्या डॉक्टरांना भेटायला सांगा. माझं उदाहरण नका देऊ, मी कसली उदाहरण.

मागच्या आठवड्यात तपासणीला जाऊन आले. ठीक होतं सगळं. डॉक्टरीण बाई तरुण आहेत आणि घाईत असतात, बोलता बोलता पुढच्या पेशंटची फाईल उघडतात.

इकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांचा करडा कोट आलाय. कसरीने खांद्यावर नऊ भोकं पाडली आहेत. त्यांच्या बायकोने शिवलेला आहे, ती आता नाही. पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे आणि त्यांना तोच घालायचा आहे. हे काम माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, असं मालकांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते. ऐकायला फार गोड वाटलं, ताई.

स्ट्रिप सोबत आहेत.

टाचणी

१४ मे

टाचणीस,

शाळेतल्या बाई ऐकत नाहीत. तू सांगितलेलं सगळं सांगितलं, तरी म्हणतात, त्यांना जमलं तर मला का नाही. तू नम्रपणा करतेस असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. त्यांनी तुझ्यासाठी चिठ्ठी दिली आहे, सोबत जोडली आहे. उत्तर मात्र मनापासून लिही, त्यांना तुझाच आधार आहे.

ताई

(सोबतची चिठ्ठी)

रफूवाल्या ताईंना,

आपण भेटलेलो नाही. अक्षर खराब आहे, माफ करा, शाळेतल्या मुलीकडून लिहून घेणार होते, पण म्हटलं, हे तुम्हाला समजेल. मी गोळी सोडणार होते. तुम्ही केसाएवढ्या धाग्याचं काम करून हे सोसलंत, हे कळल्यावर लाज वाटली. आता दोन महिने होत आले. अजून कमी नाही. रोज सकाळी हात पाण्यात घालते आणि म्हणते, त्यांना दोन महिने लागले, मला अडीच लागतील. तुम्हाला नक्की कितव्या आठवड्यात फरक पडला तेवढं कळवाल का?

२८ मे

ताईंना,

हे पत्र बसून वाचा.

त्या बाईंना कितवा आठवडा ते मी सांगू शकते. दुसऱ्या आठवड्यात बोटं मोकळी व्हायला लागली, पाचव्यात सुई ओवताना चाचपडणं थांबलं. गोळी बंद केल्यापासून. कोमट पाण्यात मी हात दोनदा घातला असेन.

दहा फेब्रुवारीला न्यायाधीशांचा कोट आला. त्या दिवशी ठरवलं, हा कोट होईपर्यंत गोळी नको. कोट झाला, मग दुसरा आला. एकदाही असं म्हटलं नाही की आता कायमची बंद. रोज सकाळी म्हणायचे, आजचा दिवस जाऊ दे. रोज आठला स्ट्रिप हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. महिन्याच्या शेवटी एकाच वेळी बसून तीसही गोळ्या फोडायच्या, स्ट्रिप तुम्हाला पाठवायच्या. नीटनेटक्या येतात म्हणालात ना. पर्समध्ये महिनाभर वागवलेली स्ट्रिप इतकी नीट राहत नाही. त्यावरून तुम्हाला कळेल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही शाबासकी दिलीत.

गोळ्या फेकल्या नाहीत. फेकायला हात धजेना. टेबलावर शर्टाच्या पांढऱ्या बटणांची बरणी असते, तिच्यात टाकल्या. त्या त्यातच मिसळून गेल्या. शहात्तर आहेत. मधे चारच घेतल्या, तपासणीनंतर, घाबरून. बोटं लगेच दुखली असं नाही, पण दुखतील या धाकाने पाचव्या दिवशी सोडली.

तपासणीला एक कागद भरायला देतात. गोळी नियमित घेता का? हो, नाही. दोनच चौकोन. "हो, पण" असा चौकोन असता तर मी कदाचित खूण केली असती. मी "हो"वर केली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, छान.

मरायची हौस आली म्हणून केलं असं समजू नका. भीती वाटते. रात्री फार वाटते. पण रोज सकाळी दोन भीत्या समोर यायच्या, एक कधीतरीची आणि एक आजची. आजची माझ्या टेबलावर घडी घालून ठेवलेली असायची, तिला गिऱ्हाईक होतं, तारीख होती. तुमचा भाऊ गेल्यावर त्या खिडकीपाशी बसून मी पुन्हा माणसात आले. तुम्ही लिहिलंत, चेन बदल, बटणं लाव. मला तेव्हा तुमचा राग आला. मी तुम्हाला जानेवारीत विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत आणि वर लिहिलंत, तक्रार ऐकायची तयारी नाही. मग पुढे सांगायचं कुणाला?

आणि गोळी गिळली की सकाळी आठलाच मी पेशंट व्हायचे. न गिळता मी रफूवाली असायचे. हे कारण म्हणून किती टिकतं ते मला माहीत नाही. आहे ते लिहिलं.

माझ्यापुरतं खोटं मी चालवलंच असतं. पण त्या बाई माझ्या खोट्यावर रोज सकाळी हात बुडवून बसल्या आहेत. त्यांना सांगा. मी सांगितलं म्हणून सांगा.

मे महिन्याच्या स्ट्रिप पाठवत नाही. त्या भरलेल्याच आहेत.

टाचणी

३ जून

टाचणीस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आज उत्तर लिहिलं तर नंतर दोघींना ते घरात ठेवताना त्रास होईल. म्हणून आज लिहीत नाही.

ताई

११ जून

टाचणीस,

आठ दिवस रागात गेले. पहिले चार तुझ्यावर, पुढचे चार माझ्यावर. दुसरे जास्त जड गेले.

पहिल्या चारांचं आधी सांगते, म्हणजे मोकळी होईन. तू मला मूर्ख बनवलंस. तुझं सुंदर अक्षर घेऊन मी गावभर मिरवले. ते अक्षर म्हणजे तू गोळी घेत नसल्याची पावती होती आणि मी ती पोरांना दाखवत होते. जानेवारीचं वेडंवाकडं पत्र, ज्याला मी नाक मुरडलं, ते तू शहाण्यासारखी वागत होतीस तेव्हाचं. एकतीस वर्षं चिठ्ठ्या वाचल्या आणि घरची वाचता आली नाही. मला तुझा राग आला, आणि तुला काही झालं तर, ही भीती वाटली. दोन्ही एकदमच. जेवण गेलं नाही.

आता माझं. जानेवारीचं माझं पत्र माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे, पण मला ते पाठ आहे. तू एका प्रश्नासाठी दार उघडलंस, मी उत्तर आत टाकलं आणि बाहेरून कडी लावली. काउंटरवर मी हेच करत आले. "वेळेवर घ्या, बंद करू नका, पुढचे." बाईच्या हातात पिशवी दिली की माझं काम झालं. घरी जाऊन त्या हातांचं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर रांग थांबली असती. रिकामी स्ट्रिप खोटं बोलत नाही म्हणे. ती बिचारी काहीच बोलत नाही, मीच तिच्या वतीने बोलत होते.

घाबरून "तक्रार नको" लिहिलं, हे खरं कारण. तू बोटांबद्दल लिहिलंस आणि मला दिसलं, ही गोळी सोडणार. सोडू नये म्हणून ओरडले. तू सोडलीस ती लपवून. ओरडण्याचा एवढाच उपयोग झाला.

आता काय करायचं ते. जूनच्या स्ट्रिप मी पाठवत नाही. रागाने नाही. आधी डॉक्टर. या गोळीच्या जागी दुसरी असते, दुखणं कमी करायचे उपाय असतात, काही दिवस थांबून बदलूनही बघतात, पण ते त्यांनी ठरवायचं, तू टेबलाशी बसून नाही आणि मी इथे बसून नाही. हे मी जानेवारीत सांगायला हवं होतं. मला माहीत होतं.

जाताना ती बरणी घेऊन जा. पिशवीत ठेवू नकोस, बाईंच्या टेबलावर ठेव. कागदावर चौकोन नसेल तर बरणी चौकोनाचं काम करेल. त्या पुढची फाईल उघडणार नाहीत, याची मी हमी देते.

शाळेतल्या बाईंना उद्या सांगते. मला त्याची भीती वाटते आहे.

ताई

९ जुलै

ताईंना,

बरणी नेली. बसमध्ये मांडीवर घेऊन बसले, शेजारची बाई म्हणाली, बटणं विकता का. म्हटलं, नाही, दाखवायला नेते.

टेबलावर ठेवली. डॉक्टरीण बाईंनी आधी मला बघितलं, मग बरणीला. म्हणाल्या, हे काय? म्हटलं, फेब्रुवारीपासूनच्या गोळ्या. त्यांनी झाकण उघडलं आणि बरणी एका ट्रेमध्ये पालथी केली. मग आम्ही दोघी बसलो गोळ्या आणि बटणं वेगळी करत. त्यांना ओळखू येईनात, चष्मा वर करून एक बटण दाताने चावायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. मला बोटांनी कळत होतं. बटणाला कड असते. बाहेर पेशंट खोळंबले होते, नर्स दोनदा डोकावून गेली.

वेगळ्या करता करताच सगळं सांगितलं. समोरासमोर बसून जमलं नसतं. त्या म्हणाल्या, मला का नाही सांगितलंत? म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. म्हणाल्या, कागदावर विचारलं होतं. मग त्याच थांबल्या आणि म्हणाल्या, बरोबर आहे, कागदाने विचारलं होतं.

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. म्हणाल्या, किती धोका वाढला ते मला नेमकं सांगता येणार नाही, वाढला एवढं खरं. रक्त घेतलं, फोटो काढले. नऊ दिवस निकालाची वाट बघितली. त्या नऊ दिवसांत मी एकही टाका घातला नाही. बोटं अगदी मोकळी होती, ताई, लोण्यासारखी, आणि करायला काही सुचेना.

काल निकाल मिळाला. सध्या काही दिसत नाही. मी "सध्या" हा शब्द पुन्हा विचारला, त्या म्हणाल्या, तो सगळ्यांनाच लागू आहे, मलासुद्धा.

गोळी बदलली आहे. ही दुसरी. कदाचित कमी दुखेल, कदाचित तितकंच. नाही जमली तर तिसरी आहे म्हणाल्या, पण मला न सांगता बंद करायची नाही. दर महिन्याला बोटं दाखवायला यायचं. हिची चिठ्ठी सोबत आहे. पाठवाल ना?

शाळेतल्या बाई काय म्हणाल्या ते तुम्ही लिहिलं नाही.

टाचणी

२० जुलै

टाचणीस,

निकालाचं वाचून मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. एवढंच लिहिते, बाकी तुला कळेल.

शाळेतल्या बाईंना सांगितलं. पिशवी काउंटरवर ठेवून निघून गेल्या. महिनाभर आल्या नाहीत. मला वाटलं, गेली ही बाई, आपल्यामुळे गेली. सोमवारी आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पोराला म्हणाल्या, "त्या रफूवाल्या ताई डॉक्टरांकडे जाऊन काय म्हणाल्या, ते यांना लिहून द्यायला सांग. अगदी शब्दाला शब्द." मी तुझ्या पत्रातून उतरवून दिलं, बरणीसकट. त्या बरणीपाशी हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांची वेळ आहे. तुझ्यावर रागावल्या आहेत, तसं कळवायला सांगितलंय. माझ्यावर जास्त.

नव्या गोळीच्या तीन स्ट्रिप सोबत आहेत. रिकाम्या परत पाठवू नकोस. यापुढे कधीच नको. तू घेतलीस की नाही ते मी विचारीन आणि तू सांगशील. "नाही" आलं तरी माझं पत्र थांबणार नाही.

बोटांचं लिही. तक्रार ऐकायची तयारी आहे.

ताई

३० सप्टेंबर

ताईंना,

हे पत्र तीन दिवस लिहिते आहे. रोज थोडं, अकरानंतर.

नवी गोळी जुनीपेक्षा बरी आहे. बरी म्हणजे सकाळी बोटं मिटलेलीच असतात, पण दहाला उघडतात. कोमट पाणी खरंच वापरते आता, आणि हसू नका, थोडं बरं वाटतं. दोनदा गोळी चुकली. एकदा विसरले, एकदा मुद्दाम. दोन्ही डॉक्टरीण बाईंना सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, मुद्दाम का? सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घेतली.

मालकांनाही सांगितलं. सकाळी मी चेन बदलीन, रफू दुपारनंतर, आणि एक दिवसाचं काम दोन दिवसांत मिळेल. त्यांनी डोकं खाजवलं. बारीक शाली अजूनही दुसरीकडे जातात. मला वाईट वाटतं. वाटत राहील असं दिसतं.

न्यायाधीश परत आले. तोच कोट, या वेळी कॉलरपाशी कसर. मी म्हटलं, साहेब, करून देते, पण या वेळी दिसेल. ते म्हणाले, किती? म्हटलं, शोधणाऱ्याला दिसेल. काल घ्यायला आले. उजेडात धरला, भिंग मागितलं नाही. बोट ठेवून म्हणाले, "इथे आहे." म्हटलं, हो, तिथेच. त्यांनी तिथेच कोट अंगात घातला.

स्ट्रिप नकोत म्हणालात, म्हणून पाठवल्या नाहीत. पण तुमची सवय मला माहीत आहे, पुराव्याशिवाय तुम्हाला झोप लागायची नाही. तेव्हा हे अक्षर बघा. तुमच्या भावाला कुणाला दाखवता आलं नसतं इतकं वाईट आहे. आज सकाळी आठला घेतली आहे.

टाचणी